शेतावरच्या डीबीला (वीज वाटणाऱ्या बोर्डाला) पेटी कोणती घ्यावी? (सांवेर, इंदूर)

आठबिघे · १८ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. सांवेरच्या अलीकडे आमची आठ बिघे जमीन आहे. एक बोअर, त्यात साडेसात हॉर्सपॉवरची सबमर्सिबल. गोठ्यात चार जनावरं, एक कुट्टी मशीन, शेतातल्या खोलीत दोन दिवे नि एक पंखा. हे सगळं आजोबांच्या काळापासून एका सागवानी फळीवर चालू होतं. फळीवर आयसीटीपी (तीन फेजचा लोखंडी मेन स्विच), तीन किटकॅट फ्यूज, मोटरीचा स्टार्टर आणि डोक्यावर पत्र्याचा एक तुकडा.

मागच्या मंगळवारी पहाटे लाइन आली आणि फट्कन आवाज झाला. बॅटरी घेऊन गेलो. आयसीटीपीच्या आत दोन फेजच्या मधोमध पाल. अंगाचा कोळसा, शेपूट मात्र जशीच्या तशी, टोकाला पिवळट. तिच्यामागची पट्टी वितळून खाली थेंब आला होता. आता नवीन डीबी बसवायची हे ठरलं आहे, पण पेटीवर गाडी अडली.

काल महाराणी रोडवर चार दुकानं फिरलो. पहिला म्हणाला पॉलिकार्बोनेट (पक्कं प्लास्टिक), आयपी ६५ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा). दुसरा म्हणाला सोळा गेजची पत्र्याची घ्या, आयुष्यभर बघायला नको. तिसऱ्याने एसएमसीची (काचतंतूंच्या प्लास्टिकची) पेटी जमिनीवर आपटून दाखवली. चौथा म्हणाला, “आयपी ६७ ले जाओ भिया, पानी में डुबा दो.” नक्की काय घ्यायचं? ब्रँड विचारत नाही, जात विचारतोय.

रामबागवाले · १८ मे, रात्री १०:१२

डीबी विहिरीत ठेवणार असाल तर ६७.

बाकी मी शहरातला माणूस, घरच्या एमसीबीचं (जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचचं) झाकणसुद्धा बायको उघडते. पण धागा वाचतोय, कारण आमच्या भावाचं बेटम्याकडे शेत आहे आणि त्याच्या फळीवर पत्र्याचा तुकडाही नाही.

जुना_वायरमन · १९ मे, सकाळी ६:३५

मी महूचा. बत्तीस वर्षं वायरमनकी केली, आता गुडघे बोलतात म्हणून घरी. थोडं सविस्तर लिहितो.

आयपीचे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे. पहिला धुळीचा, सहापर्यंत जातो. दुसरा पाण्याचा. पहिला ५ म्हणजे थोडी धूळ जाईल पण काम अडणार नाही, ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. दुसरा ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी सोसेल, ५ म्हणजे नळीची धार, ६ म्हणजे जोरदार धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. शेती आणि गोठ्यांसाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात ७०५ नंबरचं वेगळं प्रकरणच आहे, त्यात किमान आयपी ४४ मागितलं आहे. म्हणजे किमान इतकं, उघड्यावर जास्तच हवं. आपल्याकडची हवा, एप्रिलमधली गव्हाच्या मळणीची धूळ नि आषाढातला आडवा पाऊस धरला तर ५५ ला मी हो म्हणेन, ६५ असेल तर उत्तम. ६७ चे पैसे देऊ नकोस.

पण बाबा, हा आकडा कारखान्यातून निघालेल्या पेटीचा. तू तिला पहिलं भोक पाडलंस की तो आकडा तुझ्या भोकाचा. बत्तीस वर्षांत मी पेट्या गळताना पाहिल्या त्या दारातून कमी आणि भोकातून जास्त. छिन्नी-हातोडीने वरच्या बाजूला पाडलेलं वाकडं भोक, त्यातून चार वायरी कोंबलेल्या, आणि भोवती गोणपाट.

तेव्हा आधी हे सांग: पेटी उभी कुठे राहणार? तोंड कुठल्या दिशेला? आत कुठल्या केबली येणार, किती आणि कशा? पेटीची जात त्यानंतर.

आठबिघे · १९ मे, दुपारी १:२०

काका, बरं झालं विचारलंत. जागा बोअरजवळ, उघड्यावर, गोठ्यापासून पंचवीस पावलांवर. जुन्या फळीचं तोंड पश्चिमेला होतं, तेच ठेवणार होतो कारण वाट तिकडून आहे.

केबली: डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) येणारी आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) एक. बोअरची चपटी, तीन कोअरची. गोठ्याला एक, खोलीला एक. चपटीसाठी गोल ग्लँड (भोकात केबल आवळून धरणारं बूच) दिलाय दुकानदाराने, म्हणाला आवळलं की बसते.

जुना_वायरमन · १९ मे, दुपारी १:४१

बसत नाही. चपटी केबल गोल ग्लँडमध्ये आवळली की दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखी फट राहते. करंगळीचं टोक जाईल इतकी. पालीचं पिलू त्यातूनच येतं, आणि तुझी आयपी ६५ तिथेच संपते. महूपासून सांवेरपर्यंत प्रत्येक शेतात हेच आहे, म्हणून कोणाला दिसत नाही.

तीन उपाय. चपट्या केबलीसाठी चपट्या खाचेचं रबर असलेला ग्लँड मिळतो, शोधावा लागतो. नाहीतर बोअरच्या तोंडाशी छोटी जंक्शन पेटी लाव, तिथे चपटी संपव आणि पुढे गोल केबल आण. हे मला सगळ्यात आवडतं. मोटर काढायची वेळ आली की केबल डीबीतून उपसावी लागत नाही. तिसरा उपाय गरिबाचा: तळाच्या पट्टीत बरोबर केबलीच्या मापाची लांबट खाच, कडेला रबर, वरून डक्ट सीलची माती, म्हणजे फट बुजवायचा लगदा. दरवर्षी बघावी लागते.

आणि पश्चिमेला तोंड अजिबात नको. उत्तर किंवा पूर्व.

पत्राकाम · १९ मे, संध्याकाळी ७:०५

सांवेर रोडला माझं पत्र्याचं छोटं युनिट आहे, पॅनलच्या रिकाम्या पेट्या बनवतो. माझा माल घ्या असं म्हणत नाही, पण पत्र्याबद्दल जे माहीत आहे ते सांगतो.

“सोळा गेज” ऐकून खूश होऊ नका. सोळा म्हणजे १.६ मिलिमीटर, अठरा म्हणजे १.२, वीस म्हणजे ०.९ च्या जवळ. बाजारात बऱ्याच वेळा दार सोळाचं आणि मागची बाजू विसाची असते, कारण गिऱ्हाईक दारावर टिचकी मारून बघतं. मागून वाजवा. तुमच्या मापाला अठरा पुरे.

गंज पत्र्याच्या जाडीने थांबत नाही, तो रंगाच्या खालच्या कामाने थांबतो. पत्रा धुऊन, फॉस्फेट करून मग पावडर कोटिंग केलं असेल तर रंग धरतो. नुसतं कापडाने पुसून पावडर मारली की दोन पावसाळ्यांत बिजागरीपाशी फुगा येतो, नखाने काढा, पापडासारखा निघतो. आणि काकांचं भोकाचं म्हणणं इथेही लागू आहे: साइटवर ड्रिल मारलंत की त्या कडेला उघडं लोखंड. तिथे झिंकचा प्रायमर लावा. शंभरातला एक माणूस लावतो.

गास्केट (दाराच्या कडेची सीलपट्टी) बघा. चिकटपट्टीचा फोम असेल तर नको म्हणा, उन्हाने चपटा होतो आणि मग परत फुगत नाही. ओतलेला पीयू (पॉलियुरेथेन) चांगला, ईपीडीएम रबर चांगलं. रबराचा जोड खाली असावा. वर असला तर पाऊस बरोबर तिथे येऊन बसतो.

रंग फिका घ्या. आरएएल ७०३५, तो फिका राखाडी. गडद राखाडी दिसायला भारदस्त असतो, उन्हात तवा होतो.

नाशिकचा_द्राक्षवाला · २० मे, सकाळी ८:१५

पाहुणा म्हणून बोलतो. आमच्याकडे बागेत गंधक धुरळतात, फवारण्या तर रोजच्या. पावडर कोटिंगची पत्र्याची पेटी चार हंगामांत खालून जाळी झाली. आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या ते वेगळंच. मग एसएमसी बसवली. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर दाबून केलेली असते. गंजाचा प्रश्न संपला, शिवाय अंगच वीज नेत नाही, म्हणजे आत वायर सुटून बॉडीला लागली तरी पेटीला हात लावणारा वाचतो. माझ्या मते शेतावर लोखंड ठेवूच नये.

पत्राकाम · २० मे, सकाळी ८:५०

दादा, द्राक्षबागेत तुमचं बरोबर. पण माळव्यात गहू निघाला की नरवाई (शेतात उरलेले खुंट) पेटते. बंदी असली तरी शेजारचा पेटवतो आणि वारा तुमच्याकडे असतो. माझ्या ओळखीत एकाच्या बांधावरची प्लास्टिकची पेटी मेणबत्तीसारखी वाकली. लोखंडाचा रंग करपला असता, आतलं वाचलं असतं.

नाशिकचा_द्राक्षवाला · २० मे, सकाळी ९:०२

ती एबीएस प्लास्टिकची असणार. एबीएस उन्हात पिवळं पडून ठिसूळ होतं आणि आगीत वाकतं. एसएमसी तशी वितळत नाही. सगळं प्लास्टिक एका गोणीत घालू नका. पॉलिकार्बोनेटही वेगळं: मार सोसतं, पण उन्हासाठी यूव्हीचं संरक्षण असलेलं आहे का ते विचारून घ्यावं लागतं. एसएमसीचा दोषही सांगतो. खूप वर्षं उन्हात राहिली की वरचा थर जातो आणि तंतू दिसायला लागतात. हात फिरवला की काचेची कुसळं टोचतात. सावली असेल तर तो प्रश्न लांबतो.

पत्राकाम · २० मे, सकाळी ९:१०

एसएमसीचं मान्य. नरवाईचं मागे घेत नाही, पेटीभोवती चार हात जमीन साफ ठेवा, जात कुठलीही असो.

चार_गायी · २० मे, दुपारी ३:३०

मी देपालपूर रस्त्याला राहते, दुधाचा धंदा आहे. गोठ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आठबिघे, गोठ्यातला स्विचबोर्ड गोठ्याच्या आत ठेवू नका. मुताचा अमोनिया पितळ-तांबं खातो. आमच्या गोठ्यात आत लावलेल्या सॉकेटच्या पितळी पिना वर्षभरात हिरव्या झाल्या, मग तापायला लागल्या, मग एक दिवस प्लग सॉकेटमध्येच चिकटला. आता बोर्ड बाहेरच्या भिंतीला, वाऱ्याच्या उलट बाजूला आहे. गोठा आम्ही पाइप लावून धुतो, तेव्हा तिथली पेटी ५५ च्या खाली चालत नाही. उंची गाईच्या जिभेच्या वर. हसू नका, आमच्या एका कालवडीने स्विचची बटणं चाटून गुळगुळीत केली होती.

दुसरं, पेटीपेक्षा मोठं. जनावराला आपल्यापेक्षा थोड्या विजेचा जास्त त्रास होतो. चार पाय लांब अंतरावर, खूर ओले, तोंड लोखंडी गव्हाणीत. आमची एक गाय गव्हाणीतलं पाणी पीत नव्हती. तोंड लावायची आणि मागे सरायची. आठ दिवस आम्ही पाणी बदलत राहिलो, लिंबू काय, गूळ काय. शेवटी कळलं की कुट्टी मशीनचं अर्थिंग तुटलं होतं आणि गव्हाणीच्या नळीला हलका करंट येत होता. माणसाला चप्पल घातल्यावर काही जाणवत नव्हतं.

जुना_वायरमन · २० मे, संध्याकाळी ५:४५

ताईंनी सोन्यासारखं सांगितलं. त्या ७०५ मध्येही हेच आहे: गोठ्यातलं जनावर जिथे जिथे टेकतं ते सगळं लोखंड एकमेकांना जोडून अर्थला न्यायचं. गव्हाण, नळी, खुंटा, दाव्याची साखळी अडकवतो तो पाइप, सगळं. आणि आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच): ३२ अँपिअरपर्यंतच्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा, त्याहून मोठ्या सॉकेटना १०० चा, बाकीच्या सर्किटांना ३०० पर्यंतचा.

आठबिघे, तू एकच ३० चा मेनला लावून मोकळा होशील, ते करू नकोस. बोअरच्या जुन्या मोटरीची थोडी गळती असतेच. मग मोटर चालू झाली की सगळं शेत बंद, आणि चौथ्या दिवशी तू आरसीसीबीला बायपास मारशील. मी लोकांना ओळखतो. गोठा आणि खोलीला ३० चा वेगळा, मोटरीला १०० किंवा ३०० चा वेगळा.

पत्र्याची पेटी घेतलीस तर बॉडी आणि दार दोन्ही अर्थ करायचे. दाराला नुसती बिजागरी पुरत नाही, रंगामुळे तिथे जोड होत नाही. तांब्याची विणलेली पट्टी लागते. एसएमसी घेतलीस तर आत अर्थची पट्टी वेगळी लावून आर्मर्डच्या ग्लँडची अर्थिंग तिला आण. प्लास्टिकची पेटी आर्मर जोडून देत नाही, हे बरेच जण विसरतात.

रामबागवाले · २० मे, रात्री ९:३०

भावाला धागा पाठवला. तो म्हणतो, एवढं कशाला, सगळीकडून सिलिकॉन मारून पेटी हवाबंद करून टाका. पाणी नाही, पाल नाही, मुंगी नाही. बरोबर वाटतंय की. काका?

जुना_वायरमन · २० मे, रात्री ९:५५

नको रे बाबा. असं केलेल्या पेट्या मी उघडल्या आहेत, तळाशी दोन बोटं पाणी. कुठून आलं म्हणून मालक आकाशाकडे बघतो. त्याचं नीट कारण कोणीतरी शिकलेल्याने सांगावं.

गणित_सर · २० मे, रात्री १०:४०

शिकवतो भौतिकशास्त्र, नाव पडलं गणित. सांगतो.

मे-जूनच्या दुपारी उन्हातल्या पेटीतली हवा ६० अंशांवर गेली असं धरा. चार वाजता ढग आले आणि पहिली सर कोसळली. पाच-दहा मिनिटांत पेटी ३० वर. ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन, ३० म्हणजे ३०३. बंद जागेतला दाब त्याच प्रमाणात उतरतो, म्हणजे नऊ टक्के. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. त्याचे नऊ टक्के साडेआठ. पाण्याच्या उंचीत हे ८५ सेंटीमीटरच्या वर जातं. म्हणजे पूर्ण बंद पेटी त्या दहा मिनिटांत बाहेरचं पाणी तेवढ्या जोराने आत ओढत असते, आणि पाणी नेमकं गास्केटवरून ओघळत असतं. सिलिकॉनमध्ये केसाएवढी भेग असली तरी पुरे. ६५ च्या चाचणीत पाण्याची धार मारतात खरी, पण तेव्हा पेटी तापलेली नसते.

पाणी आत आलं नाही तरी ओलसर हवा येते. रात्री तिचं दव होतं आणि दिवसा बाहेर जायला वाट नसते.

उपाय: पेटीला श्वास घ्यायला एक अधिकृत भोक द्या, तळाला. ड्रेन प्लग किंवा ब्रीदर म्हणून मिळतो, हवा जाऊ देतो आणि आयपी राखतो.

पत्राकाम · २० मे, रात्री १०:५८

सर, गेली कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकांना “ड्रेन प्लग लावा” म्हणतो आणि का ते मला आज कळलं.

आठबिघे · २३ मे, दुपारी ४:१०

सरांचे साठ अंश मला जास्त वाटले. म्हणून प्रयोग केला. पत्राकाम यांच्याकडून नव्हे, शेजाऱ्याकडून एक रिकामी गडद राखाडी पेटी आणली, जुन्या फळीच्या जागी पश्चिमेला तोंड करून टांगली. दूध तापवतानाचा थर्मामीटर आत दोऱ्याला बांधला. दुपारी तीन वाजता सावलीत ४२. पेटीत ६१. आत एकही वस्तू चालू नव्हती.

काल तीच पेटी उत्तरेला तोंड करून टांगली आणि वर चार बोटं अंतर सोडून पत्रा धरला. पश्चिमेकडूनही एक पत्रा उभा केला. ४८.

जुना_वायरमन · २३ मे, संध्याकाळी ६:२०

शाब्बास. आता पुढचं ऐक. एमसीबीवर छापलेला आकडा ३० अंशांच्या हवेचा असतो. ६० मध्ये सोळाचा एमसीबी तेरा-चौदाचा उरतो. तुझी साडेसातची सबमर्सिबल तेरा-चौदा ओढते, आणि गावात सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या, व्होल्टेज पडलं की त्याहून जास्त. मग दुपारी तीनला एमसीबी पडतो, संध्याकाळी पडत नाही, आणि मालक म्हणतो एमसीबी खराब. तीनदा बदलतो. खराब पेटीची जागा असते. तुला मोटरीला २५ चा सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) घे म्हणतो, मोटरीची राखण ओव्हरलोड रिले करेल, ती मात्र मोटरीच्या पाटीवरच्या करंटला लाव.

पेटी जरुरीपेक्षा मोठी घे. उष्णता पेटीच्या अंगातून बाहेर जाते, अंग मोठं तर आत थंड. स्टार्टर त्याच्या स्वतःच्या डब्यासकट आत ठेवू नकोस, डब्यात डबा होतो. आणि एसएमसीतून उष्णता पत्र्यापेक्षा कमी जाते, हे लक्षात ठेवून माप ठरव.

चार_गायी · २३ मे, संध्याकाळी ७:००

पाय कशात रोवणार? आमचा खांब दोन वर्षांत इतका कलला की दार आपोआप उघडायचं.

आठबिघे · २३ मे, संध्याकाळी ७:१५

ताई, जमीन काळीच आहे. उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा.

जुना_वायरमन · २३ मे, रात्री ८:३०

काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, दोन फुटांत रोवलेलं सगळं हलवते. मुरूम लागेपर्यंत खण, दोन चॅनलचे पाय, खाली काँक्रीट. पेटीचा तळ जमिनीपासून चार फूट.

अर्थिंगचंही तेच. ओली काळी माती अर्थसाठी फार चांगली, पण मेमध्ये ती पाइपापासून सुटते, मध्ये हवा राहते. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नसतं. खड्डा खोल घे, आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. बोअर शेजारीच आहे, लाज कसली.

आठबिघे · ९ जून, रात्री ९:२०

झालं एकदाचं. काय केलं ते लिहितो.

पेटी एसएमसी, आयपी ६५, फिकी. पत्राकाम, राग मानू नका. गोठ्याची बाजू, डीएपी खताची पोती तिथेच ठेवतात, आणि आईला शॉकची भीती, म्हणून. पाय आणि छत मात्र तुमच्याच रस्त्यावरून बनवून घेतलं, गॅल्व्हनाइज्ड. तोंड उत्तरेला. छतात आणि पेटीत चार बोटं. सगळ्या केबली तळातून, प्रत्येक केबल ग्लँडच्या खाली वाकवून मग वर, म्हणजे ओघळ वाकणावर गळतो. बोअरपाशी जंक्शन पेटी, चपटी तिथेच संपली. स्टार्टरचे भाग उघडे पट्टीवर, डबा नाही. तळाला ब्रीदर. वर एकही भोक नाही.

वायरमन लायसन्सवाला घेतला. त्याला चपटीचं सांगितलं तर म्हणाला, “ये किसने बताया?” काका, तुमचं नाव मला माहीत नाही म्हणून सांगता आलं नाही.

गोठ्यातली गव्हाण, नळी, साखळीचा पाइप जोडून घेतलं. ताई, आमच्या म्हशीला याआधी काही त्रास होता का ते ती सांगत नाही.

पत्राकाम · ९ जून, रात्री ९:४०

राग कसला, छत विकलं ना.

आठबिघे · २२ सप्टेंबर, सकाळी ११:००

धागा वर आणतोय. यंदा पाऊस आडवाच आला. आज लाइन बंद करून पेटी उघडली. तळ कोरडा. गास्केट जागेवर. आत धुळीचा पातळ थर, बोटाने ओढ उमटते इतकाच. पाल नाही. पेटी आणि छत यांच्यामधल्या चार बोटांत मात्र गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, मुठीएवढं. म्हणजे भाड्याने दिलंय समजा. संध्याकाळी धूर करून काढतो.

मोहरीएवढ्या तांबड्या मुंग्या पाच-सहा, स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरपाशी मेलेल्या. कुठून आल्या सापडलं नाही. ब्रीदरमधून तर मुंगी येत नाही.

जुना_वायरमन · २२ सप्टेंबर, सकाळी ११:२५

गोठ्याच्या केबलीचा ग्लँड हाताने फिरवून बघ. नवी केबल उन्हात थोडी दबते, ग्लँड सैल होतो. दुसऱ्या वर्षी परत बघावा लागतो. मुंग्या कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांत गेल्या की चिरडून संपर्क बिघडवतात, तेव्हा दुर्लक्ष नको.

आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलंस का? महिन्यातून एकदा दाबायचं असतं.

आठबिघे · २२ सप्टेंबर, दुपारी १२:१०

ग्लँड अर्धा फेरा फिरला, तोच होता.

लाइन चालू करून बटणं दाबली. गोठ्याचा पडला. मोटरीचा पडत नाही. चार वेळा दाबला. नवा आहे, तीन महिन्यांचा.

जुना_वायरमन · २२ सप्टेंबर, दुपारी १२:१८

चार पोलचा आहे ना? न्यूट्रल जोडलाय?

आठबिघे · २२ सप्टेंबर, दुपारी १२:२०

नाही. मोटरीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून ते टोक मोकळंच आहे.

जुना_वायरमन · २२ सप्टेंबर, दुपारी १२:३१

बटणाचं सर्किट ठरावीक दोन टोकांमध्ये असतं. त्यातलं एक मोकळं राहिलं तर बटणाला वीजच मिळत नाही, तू दिवसभर दाब. आरसीसीबी आतून चांगला असू शकतो, पण तपासता येत नाही. त्याच्या कागदावर न्यूट्रलशिवाय तीन फेज कसे जोडायचे त्याची आकृती असते. तुझ्या वायरमनला बोलाव, स्वतः हात घालू नकोस. कागद फेकला नाहीस ना?

आठबिघे · २३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

कागद पेटीच्या दाराच्या आतल्या खिशातच होता, कोरडा. वायरमन येऊन गेला, आकृती बघून दोन वायरी बदलल्या. आता बटण दाबलं की पडतो. आईकडूनही एकदा दाबून घेतलं.